गच्चीवर सुकत घातलेले पर

जबाब देणाऱ्या महिलेचे नाव व घर क्रमांक साक्षीदाराची ओळख जपण्यासाठी बंद पाकिटात वेगळे ठेवले आहेत. वय त्रेसष्ट वर्षे. शिक्षण सातवी. धंदा घरी शिवणकाम. राहणार बंदरामागील चार मजली इमारत, सर्वांत वरचा मजला, गच्चीलगतच्या दोन खोल्या. जबाब घेण्यास सुरुवात सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी.

मी आज सकाळी कोणी बोलावले नसताना आपण होऊन पोलीस ठाण्यात आले. गच्चीचा पंचनामा झाल्यानंतर आता समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी सव्वीस वर्षे राहते. माझे पती बंदरात क्रेन चालवीत. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. एक मुलगी आहे, ती परदेशात असते. दर दुसऱ्या रविवारी तिचा फोन येतो.

मी लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. लग्नानंतर सैल करायला येतात आणि आजारपणानंतर घट्ट करायला. इमारतीची लिफ्ट सहा वर्षे बंद आहे. गिऱ्हाइके वर येत नाहीत. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे कपडे ठेवतात. मी खिडकीतून दोरीने टोपली खाली सोडते, तो त्यात कपडे घालतो, मी वर ओढते. मापे चिठ्ठीवर लिहून येतात.

गच्चीचे दार माझ्या व्हरांड्यात उघडते. पती पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवीत, तेव्हापासून चावी आमच्याकडेच आहे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये, १४ तारीख असावी, सकाळी सातच्या सुमारास एका इसमाने माझे दार वाजवले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने सडपातळ, डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. त्यांनी इस्त्रीवाल्याचे नाव सांगितले आणि सुकी मासळी वाळवायला गच्ची हवी आहे असे म्हणाले. मी वास येईल म्हणाले. ते म्हणाले, येईल. खरे बोलले म्हणून मी चावी दिली.

त्यानंतर ते दररोज तीन वेळा येत. सकाळी सातला गोणी घेऊन येऊन माल पसरत, दुपारी बाराला एकेक तुकडा उलटत, पाचला गोळा करीत. जाता-येता दार वाजवून आलो, निघालो असे सांगत. ते मला ताई म्हणत. मी त्यांना भाऊ म्हणत असे. त्यांचे पूर्ण नाव मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून मी दुपारचा चहा दोघांचा करू लागले. मला जवळचे नीट दिसत नाही, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. हे पाहून ते रोज सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवत. तीन बोटांनी ओवत, पण माझ्यापेक्षा लवकर. बोटे बोटीवर गळाच्या तारेत सापडून गेली असे त्यांनी सांगितले. मी हळहळले तेव्हा म्हणाले, "ताई, सुईला लागतात ती दोन शिल्लक आहेत."

गच्चीवर काय आहे हे मी पहिल्या दिवशी पाहिले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिले. मासळी नव्हती. करडे, त्रिकोणी, जाड तुकडे होते, कडेला पांढरे. मी विचारले. ते म्हणाले, शार्कचे पर. परदेशी जातात, तिथे त्यांचे सूप करतात. परांना स्वतःची चव नसते, चव सगळी रश्श्याची असते, असेही म्हणाले. यात काही बेकायदा आहे का, असे मी विचारले. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "विचारू नका, म्हणजे मला सांगावं लागणार नाही." मी परत विचारले नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे मी केले.

डिसेंबरात त्यांनी माल भरायला कापडी पिशव्या शिवून मागितल्या. मी पन्नासच्या वर शिवल्या. आज जप्त केलेल्या पिशव्या मला दाखवल्या, त्या माझ्याच शिलाईच्या आहेत. शिलाईचे पैसे मी घेतले.

खालच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली तेव्हा मी टाकीत कबूतर मेले होते असे सांगितले. ते खोटे होते.

फेब्रुवारीत, तारीख आठवत नाही, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतली एक मुलगी चार जिने चढून आली. तिला बंदरावर कोणी तरी इमारतीचे नाव सांगितले होते. ती मला मावशी म्हणाली. मी तिला पाणी दिले. ती म्हणाली की शार्कच्या काही जातींना वयात येऊन पिल्ले व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि होतात तीही थोडीच. एकदा मोठे मासे संपले की मागून भरून येत नाही. धक्क्यावर ती तीन वर्षे मापे घेत होती आणि दर वर्षी मासे लांबीला कमी भरत होते. मग तिने गच्ची पाहायला मागितली. चावी माझ्या कमरेला होती. मी म्हणाले, चावी हरवली आहे. तिने आपला नंबर लिहिलेला कागद ठेवला आणि गेली. ती जिना उतरत होती तेव्हा भाऊ वर येत होते. दोघांची गाठ दुसऱ्या मजल्यावर पडली असणार. त्या दिवशी त्यांनी दहाऐवजी वीस सुया ओवल्या.

परवा, म्हणजे चालू महिन्याच्या ९ तारखेला, दुपारी बाराला ते गच्चीवर माल उलटत होते. मी कपडे वाळत घालायला गेले होते. एका कोपऱ्यात वेगळे तुकडे होते, माझ्या तळहातापेक्षा लहान. मला वाटले मोठ्यांचे तुकडे पडले असतील. हातात घेतला तर अख्खा पर होता, कापडासारखा मऊ. हा कसला, असे मी विचारले.

ते म्हणाले की मादी पोटुशी होती. बोटीच्या फळीवर ओढली की कधी कधी पिल्ले तिथेच बाहेर येतात. तिचे पर कापले, मग त्यांचेही कापले. वजनात चालतात.

मी विचारले की माशाचे पुढे काय करतात. मांस विकत असतील असे मी पाच महिने धरून चालले होते. ते म्हणाले की मोठ्या बोटीवर बर्फाची जागा महाग, माशाला भाव नाही, म्हणून पर कापून बाकीचा पाण्यात टाकतात. मी म्हणाले, मेलेला ना. यावर ते जे बोलले ते मला शब्दशः आठवते, तसेच लिहून घ्यावे.

ते म्हणाले, "नाही ताई. जिवंत असतो. या जातीला पोहत राहिलं तरच श्वास मिळतो. पर नाहीत म्हणजे पोहता येत नाही. मग तो सरळ खाली जातो आणि तळाला पडून राहतो."

मी विचारले, "किती वेळ?"

ते म्हणाले, "कोण थांबलंय बघायला?"

त्यांनी हे वाईटपणाने म्हटले नाही. ते अकरा वर्षे बोटीवर होते, त्यांना जे माहीत होते ते सांगितले.

पाच महिने गप्प बसून आत्ताच का आलात, असे साहेबांनी मला दोनदा विचारले. त्याबद्दल सांगते की, मागच्या वर्षी जुलैमध्ये सकाळी आठ वाजता मी न्हाणीघरात पडले. खुब्याचे हाड मोडले. फोन बाहेर शिवणयंत्रावर होता. दाराला कडी होती. जिन्यावरून लोक जात-येत होते ते मला ऐकू येत होते. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी वाढदिवस होता, त्यांनी गाणे म्हटले. मी सुरुवातीला हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता इस्त्रीवाल्याच्या लक्षात आले की टोपली कालपासून कपड्यांसकट खालीच आहे. एकोणतीस तास झाले होते. माझ्या मुलीला मी पाय मुरगळला एवढेच कळवले.

याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे साहेबांचे म्हणणे आहे. मला विचारले म्हणून मी कारण सांगितले. लिहिले नाही तरी चालेल, पण मग कारण विचारलेला रकाना रिकामा ठेवावा.

९ तारखेलाच मी त्यांना म्हणाले, "उद्यापासून हे इथे आणू नका."

ते म्हणाले, "मी नाही आणलं तर दुसरा आणेल, ताई. तुमची गच्ची नाही तर कोणाची तरी."

मी म्हणाले, दुसऱ्याचे दुसरा बघेल. मी त्या संस्थेतल्या मुलीला फोन करणार आणि मग पोलिसांत जाणार, असेही सांगितले. पाठीमागून करणार नाही म्हणून सांगितले.

ते चिडले नाहीत. थोडा वेळ कठड्यापाशी उभे राहिले. मग उरलेला माल उलटून संपवला. चहा घेतला. आमच्यात पुढे जे बोलणे झाले ते कपाच्या तुटलेल्या कानाबद्दल झाले. पाचला त्यांनी माल गोळा केला नाही, तसाच पसरलेला ठेवला. दार वाजवून "निघालो" असे मात्र म्हणाले.

१० तारखेला मी फोन केला नाही आणि ठाण्यातही आले नाही. यावर साहेबांनी विचारले की एक दिवस थांबून आरोपीला पळून जायला मुद्दाम सवड दिली का. मुद्दाम दिली नाही. मी वाट बघत होते. कशाची असे विचारल्यावरून सांगते, आधी सात वाजण्याची, मग बाराची, मग पाचची. दार मी दिवसभर उघडे ठेवले होते. ते आले नाहीत. ते आले असते तर मी काय केले असते हे मला सांगता येत नाही.

आज ११ तारखेला सकाळी नऊला मी त्या मुलीला फोन केला. चावी हरवली नव्हती, हे आधी सांगितले. ती म्हणाली, "मावशी, मला त्याच दिवशी माहीत होतं. ती तुमच्या कमरेला दिसत होती." तिने येते म्हणून सांगितले. मी जिना उतरून ठाण्यात आले. खुब्यामुळे अर्धा तास लागला. ऑगस्टपासून मी खाली उतरले नव्हते.

दुपारी दोन ते पाच गच्चीचा पंचनामा झाला. मी व्हरांड्यात खुर्चीवर होते. लहानमोठे मिळून दोनशे बारा पर निघाले. त्या मुलीने प्रत्येक पर पट्टीवर ठेवून मापला आणि जात सांगितली. त्यांतले बरेच पकडायला बंदी असलेल्या जातींचे निघाले. लहान पर अडतीस होते. ते मोजताना ती मध्येच थांबली आणि माझ्याकडे पाणी मागायला आली. पाणी पिऊन परत गेली.

पाच वाजता जिन्यावर पावले वाजली. मला पावले ओळखू येतात. ते भाऊच होते. हात रिकामे होते, गोणी नव्हती. खाली पोलिसांची गाडी उभी होती, म्हणजे ती त्यांनी पाहिलीच असणार. तरी ते चार मजले चढून का आले हे मला माहीत नाही. मी त्यांना बोलावले नव्हते. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे कधीच नव्हता.

साहेबांनी त्यांना धरले. हाच तो इसम, अशी मी ओळख पटवली. मालाचा मालक कोण असे विचारले तेव्हा त्यांनी नाव सांगितले नाही. मालकाचे नाव मलाही माहीत नाही. मग कोणी न विचारता ते म्हणाले, "या ताईंना काही माहीत नव्हतं. सुकी मासळी आहे असं मी सांगितलं होतं. पिशव्या मी बाजारातून आणल्या."

ते सर्व खोटे आहे. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितले. मला माहीत होते. पिशव्या मी शिवल्या. त्या मुलीशी मी खोटे बोलले. हे मी तिथेच त्यांच्यासमोर सांगितले आणि आता परत सांगते. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ द्यावी. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

ठाण्यात यायला सर्वजण एकदमच निघालो. दोन शिपाई त्यांना दंडाला धरून पुढे चालले होते, मी कठडा धरून मागून उतरत होते. प्रत्येक वळणावर ते थांबत. शिपाई पुढे ओढत, तरी हलत नसत. मी त्या पायरीपर्यंत पोचले की मग पुढची उतरत. एका वळणावर शिपायाने पळायचा विचार आहे का असे दरडावून विचारले. तळमजल्यापर्यंत असे सात वेळा झाले.

शिपायाने प्रतिकार केल्याची नोंद घेतली आहे असे मला समजले. तो प्रतिकार नव्हता. एवढे माझ्या जबाबात असावे.

चष्मा घरी राहिल्याने वरील मजकूर मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी जसे बोलले तसाच तो उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही. घरी पोचवायला कोणाला कळवायचे का असे मला विचारण्यात आले. कळवायचे कोणी नाही. मी सावकाश जाईन. गच्चीची चावी मी ठाण्यात जमा केली असून त्याची पोच मिळाली आहे.

सही करते.