अकरा जणांची ॲडमिशन

...आणि वरून घरचे मलाच म्हणतात, "तुला तं बाई कायमची घाई!" घाई? मला? तुम्हाला सांगते, एम.एस्सी.च्या दुसऱ्या यादीत माझं नाव, तेही शेवटून दुसरं, आणि खाली ठळक अक्षरात, मूळ कागदपत्रं घेऊन चार वाजेपर्यंत विभागात हजर राहा, न राहिल्यास जागा पुढच्या उमेदवाराला! म्हणजे कुठंतरी एक पुढचा उमेदवार केसाला तेल लावून, भांग पाडून बसलेला, आमची जीप पंक्चर व्हायची वाट बघत. आणि मी घाई करायची नाही?

मी तर एकटीच निघाले होते. सेनगावहून एसटी, जालन्याला उतरायचं, दुसरी धरायची, सरळ हिशोब. पण आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा शेषराव, त्यांनी ऐकलं. "एकटी काहून? रत्नपालची जीप हाय की!" रत्नपाल माझा चुलतभाऊ, जीप त्याची, आणि आमच्या गावात, साखऱ्यात, जीप रिकामी जात नाही. गुन्हा असतो तो! एक सीट मोकळी दिसली की लोक रस्त्यातून हात करतात. आईबाबा सोयाबीनच्या फवारणीत अडकलेले, ते राहिले. बाकी सगळे आले. आजी आली, मालनआत्या आली, आत्याची जाऊ आली, जावेची बहीण आली, तिला कुणी बोलावलं ते अजून कुणाला माहीत नाही. मला धरून अकरा! ॲडमिशन एक, माणसं अकरा!

पहाटे पाचला निघालो. जिंतूरला चहा, मंठ्याला आत्याला मळमळ, जालन्याला जावेच्या बहिणीची कोणीतरी ओळखीची रस्त्यात उभी. शहरात शिरायला अकरा वाजले. मी म्हटलं, "आधी विद्यापीठ. मग पाहिजे तिथं फिरा." तर आबा मागं वळून असे बघतात, जसं मी जेवणाआधी विडा मागितला. "चार वाजेपर्यंत टाईम हाय ना? मंग! विद्यापीठ शेवटाला. आलोच हाव तं मकबरा पाहून घिऊ."

आलोच हाव तं! तुम्हाला सांगते, या तीन शब्दांवर आमच्या घराण्याचा अख्खा इतिहास उभा आहे. दवाखान्यात आलोच हाव तं बाजार करून घिऊ. मयतीला आलोच हाव तं शेजारच्या गावात पोरगी पाहून घिऊ!

गेलो मकबऱ्यात. एवढी सुंदर वास्तू, लोक नुसते बघत उभे राहतात, आणि आमची चांगुणाआजी संगमरवरावर हात फिरवून विचारते, "याच्यात ऱ्हात कोण व्हतं?" म्हटलं, "कुणी नाही आजी, कबर आहे. मुलानं आईसाठी बांधली." मग बाहेर येताना माझ्या बापाचा विषय काढते, "तुह्या बापाले म्हणावं, मला एवढं नगं. मोरीवर पत्रा टाक, जित्ती हाव तवर." आणि त्यावर आत्या, आणि आत्याच्या वर जाऊ, आणि मकबऱ्याच्या पायरीवर आमच्या मोरीची चर्चा अर्धा तास! परदेशी पाहुणे फोटो काढून राहिले, मकबऱ्याचे नाही, आमचे!

साडेबारा. मी फाईल छातीशी धरून. म्हटलं, आता? "आता पाणचक्की. आलोच हाव तं..."

पाणचक्कीत तर कहर. तिथला गाइड बिचारा मन लावून सांगतोय, पाणी लांबून कसं आणलं, नहर कशी जमिनीखालून आली, आणि आजी त्याला मधेच थांबवते, "पीठ कसं पडते? जाड का बारीक?" तो म्हणाला, "आजी, आता दळत नाहीत." "मंग फिरते काहून?" "बघायला." आजीनं त्याच्याकडे असं बघितलं, तुम्हाला सांगते, त्यानं पुढची माहितीच सांगितली नाही. मग हौदाच्या काठावर भाकरी सोडल्या, ठेचा निघाला, कांदा फोडला. मी म्हटलं, मला भूक नाही. मालनआत्या लगेच सुरू, "खाऊन घे माय. हे बघ, झालं तं झालं, न्हाई झालं तं शिरड शहापूरचं पोरगं थांबलंच हाय. दोन हिरी हायत." दोन विहिरी! म्हणजे एका बाजूला पुढचा उमेदवार थांबलेला, दुसऱ्या बाजूला शिरड शहापूरचा थांबलेला, सगळं जग माझ्या उशीर होण्याची वाट बघतंय, आणि मी? मी आत्याची सुपारी संपायची वाट बघतेय!

अडीच वाजता विद्यापीठाच्या गेटासमोर आलो. मी म्हटलं, रत्नपाल, गाडी सरळ आत घे. तर आबा कडाडले, "थांबव! या गेटातून आपण बसून जायाचं? उतरा समदे!" उतरलो. आबांनी चपला काढल्या. सगळ्यांनी काढल्या. आता हे गेट आबांसाठी काय आहे, ते मला माहीत नाही असं नाही. नामांतराच्या वेळी मिसरूड फुटलेला पोरगा होते, मोर्चात निघाले, लाठ्या खाल्ल्या, अकरा दिवस जेलात राहिले, ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की कुठल्या वाक्याला ते पाणी पितात तेही मला पाठ आहे. दर चौदा जानेवारीला, बाबासाहेबांचं नाव मिळाल्याच्या दिवशी, येऊन वंदन करून जातात. ते सगळं मान्य. पण अडीच वाजले होते हो!

"दे फाईल," म्हणाले. "कशाला?" "दे म्हन्लं ना!" घेतली, गेटाच्या पायथ्याशी ठेवली. आजीनं पिशवीतून मेणबत्ती काढली, झेंडूची दोन फुलं काढली. मी म्हटलं, "आबा, बाबासाहेबांनी शिका म्हटलं, फाईल ठेवा नाही म्हटलं!" आबा म्हणाले, "ही पूजा न्हाई. हजेरी हाय." सगळे वाकले. मग एक फोटो. मग आत्याचे डोळे मिटले म्हणून दुसरा. मग जावेची बहीण पहिल्यात नव्हती म्हणून तिसरा. आणि मग आबा म्हणाले, "चला, चालत." आणि चाललो. उन्हात, चपला हातात, गेटापासून विभागापर्यंत, विद्यापीठ म्हणजे काय आमच्या घरामागची बखळ आहे का! मी पुढं, वरात मागं. तीन वाजून पाच मिनिटांनी विभागात पोचले, आतल्या मॅडम म्हणाल्या, "मूळ कागदपत्रं?" मी मागं बघितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"फाईल तुमच्याकडं आहे ना?"

"माह्याकडं कशी? ठेवणाऱ्यानं उचलायचं नसते. ज्याचं हाय त्यानं उचलायचं!"

असा काही नियम आहे, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं! त्या फाईलीत माझा जन्म, माझी जात, माझे मार्क, माझा टीसी, म्हणजे मीच होते हो, आणि मी तिकडं झेंडूखाली पडलेली!

धावले. अशी धावले की कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत धावले असते तर त्याचंही सर्टिफिकेट फाईलीत असतं. गेटापाशी पोचले आणि बघते तर काय... एक फाईल नाही. सात! त्या दिवशी यादीतल्या सगळ्यांनाच बोलावलेलं, गावोगावचे आईबाप पोरं घेऊन आलेले, त्यांनी बघितलं, फाईल ठेवलीय, फुलं आहेत, मेणबत्ती आहे, म्हणजे इथं ठेवायची पद्धत असणार! एकावर एक, सगळ्या निळ्या, सगळ्या बटणाच्या, आणि समोर रांग! मी वाकले तर एका बाईनं माझा दंडच धरला. "ओ ताई, वळीनं या! आमी काय उगं उभे हाव?"

"अहो, मला ठेवायची नाही, घ्यायची आहे!"

"ठेवल्याबिगर घेता कशी?"

"मी मघाशी ठेवली!"

"मघाशी ठेवली अन् तशीच गेल्ती? अन् हिचा नंबर लागला यादीत!"

हे शेवटचं तिनं नवऱ्याला सांगितलं. तेवढ्यात मागून एक गृहस्थ समजुतीनं, "ताई, लेकराच्या शिक्षणाचं काम हाय. शिस्तीनं केलं तं बराबर होते." शिस्त! मला! माझ्याच आजीच्या मेणबत्तीवरून! उभी राहिले. काय करणार? चौघांनी ठेवल्या, वाकले, उचलल्या, मग माझा नंबर. सगळ्यात खालची काढली, वर मेण सांडलेलं, पार आतपर्यंत गेलेलं. घड्याळात पावणेचार.

परत धावले. वाटेत आमची वरात भेटली नाही, म्हणून बघते तर सगळे विभागाच्या दारात ओळीनं उभे. आबा एकटे आत, मॅडमच्या टेबलासमोर, दोन्ही हात टेबलावर. मॅडम मला म्हणाल्या, "हे आजोबा मघापासून उभे आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हणतात, तुम्ही उठून गेलात तर?"

चारला सात मिनिटं कमी. मॅडमनी फाईल उघडली, टीसीवरचं मेण नखानं खरवडलं, पाकळी झटकली, आणि चष्म्यावरून बघितलं. "आज ही चौथी फाईल मेणाची. कुठली नवीन पद्धत आहे ही?"

आणि आमचे आबा, दीड तासापूर्वी स्वतः सुरू केलेल्या गोष्टीबद्दल, छाती काढून सांगतात, "नवी न्हाई म्याडम. जुनी हाय."

कागद जुळले. शिक्का पडला. "पालक कोण आलेत?" दारातून नऊ आवाज, "आमी!" पण सही आबांनी केली. हळू. इतकी हळू की पुढचा उमेदवार जर कुठं लपून बघत असेल तर त्याला पुन्हा आशा वाटली असेल. सही करून पेन परत दिलं आणि मला म्हणाले, "येवढ्या वर्सात गेटाच्या आत आज पयल्यांदा आलो." मी म्हटलं, "काय? दरवर्षी तर येता!" "गेटालोक, तिथूनच माघारी. आत आपलं काम काय व्हतं?"

मी फाईलीचं बटण लावलं. म्हटलं, "चला, निघू." तर म्हणतात, "निघू काहून? मागं डोंगरात लेण्या हायत. आलोच हाव तं..."

गेलो. चढलो. अकराही!

पण मी मनात म्हटलं, होऊ दे. एक दिवस. उद्यापासून वसतिगृह, स्वतःची खोली, स्वतःचं घड्याळ. ना आबा, ना आत्या, ना आलोच हाव तं. त्यासाठी तर धावले होते एवढी! आणि उतरताना आजी विचारते, "होस्टेलात भेटाया कवा येऊ देतात?" आणि मी, मूर्ख, खरं सांगितलं. "रविवारी."

आज रविवार आहे. ...बघा, वाजला फोन.

हां आबा, बोला. ...जालन्याच्या पुढं? ...कितीजण? तेरा? जीपमध्ये? ...कोण? आत्याची साधना? तिची तर अजून बारावी व्हायचीय! ...फाईल घेऊन? आबा, आज सगळं बंद असतं, कागद कोण बघणार? ...नुसती ठेवायला?

...बरं.

...या.