दोन्ही डिस्क

दीप्ती : तिसऱ्यांदा रीबूट करतोयस, अनिरुद्ध. बाबांचा व्हिडिओ उघडत का नाहीये?

अनिरुद्ध : उघडेल गं. मशीन जुनं आहे.

दीप्ती : उद्या बाबांचं पुण्यानुमोदन. हॉलमध्ये पडद्यावर लावायचाय. आई भांडुपहून निघालीसुद्धा. आणि तू कालपासून माझ्याकडे बघत नाहीयेस. मुक्ताला घेतलंस तेही पाठ करून.

अनिरुद्ध : झालं तुझं सुरू. पोरगी शिंकली तरी तुला न्यूमोनिया दिसतो.

दीप्ती : काय केलंयस?

अनिरुद्ध : ऑफिसचं टेस्टिंग. क्लायंटच्या सर्व्हरवर मी नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, टाकला, तर त्यांची बोंब, की मिररिंग, एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणं, स्लो झालं. बॉस म्हणाला, नवा स्लो नाही हे सिद्ध कर. घरी आपल्या दोन डिस्क तशाच आरशासारख्या जोडलेल्या आहेत. म्हटलं, जुन्या कर्नलवर आणि नव्यावर, दोन्हीकडे लिहायचा वेग मोजू.

दीप्ती : आपल्या डिस्कवर?

अनिरुद्ध : टेस्टला एक फाईल द्यायची असते, तिथेच ती लिहिते. मी घाईत अख्ख्या मिररचं नाव दिलं.

दीप्ती : मग?

अनिरुद्ध : मग तिने लिहिलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नुसता कचरा.

दीप्ती : दुसरी डिस्क आहे ना?

अनिरुद्ध : मिरर म्हणजे काय, दीप्ती? एकीवर लिहिलं की दुसरीवरही. बी.एस्सी. आयटी ना तू?

दीप्ती : रिकव्हरीवाला कोणी?

अनिरुद्ध : वरून लिहिलंय. कोणीही काढून देणार नाही.

दीप्ती : थांब. आधी कुठल्या कर्नलवर चालवलीस?

अनिरुद्ध : जुन्या.

दीप्ती : ती संपल्यावर कळलं नाही?

अनिरुद्ध : कळलं.

दीप्ती : तरी नव्यावर चालवलीस?

अनिरुद्ध : गेलंच होतं यार. निदान आकडे तरी पूर्ण मिळावेत.

दीप्ती : आणि मिळाले?

अनिरुद्ध : नवा जवळजवळ दुप्पट फास्ट निघाला. बॉसने मेलमध्ये लिहिलं, झकास.

दीप्ती : झकास. माझे बाबा कितीतरी महिने जाता जात नव्हते, तेव्हा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मुक्ताशी बोलले होते. "तू मला विसरणार, चालेल. मी तुला बघितलंय." तेवढं एकच रेकॉर्डिंग होतं रे.

अनिरुद्ध : मग क्लाऊडवर ठेवू दिलं असतंस! मीच मागे लागलो होतो. "नको, मुलीचे फोटो कोण बघेल, कोण चोरेल." तुझ्या भीतीपायी सगळं या एका डब्यात ठेवलं. आता मला नको विचारूस.

दीप्ती : बेल वाजतेय.

अनिरुद्ध : आईंना आत्ता नको सांगूस. उद्याचं होऊ दे.

दीप्ती : तूच उघड दार.

लता : किती वेळ बेल दाबतेय! मुक्ता झोपलीय का? अगं, तो व्हिडिओ एकदा लावून दे. ते गेल्यापासून बघितला नाही, उद्या चारचौघांत एकदम बघितला तर मला सावरता यायचं नाही.

दीप्ती : आई, तुझ्या फोनमध्ये होता ना?

लता : काढून टाकला की. अनिरुद्धच म्हणाला, तुमचा फोन भरलाय आई, घरी दोन-दोन ठिकाणी ठेवलाय. का गं? असं काय बघतेयस? मुक्ता बरी आहे ना?

दीप्ती : मुक्ता बरी आहे. बाबांचा व्हिडिओ गेला. दोन्हीकडून.

लता : कसा काय?

दीप्ती : सांग ना, अनिरुद्ध.

अनिरुद्ध : आई, मी वेग मोजत होतो. डिस्कवर किती लवकर लिहिलं जातं ते. एकदा जुन्या सिस्टिमवर, एकदा नव्या. त्यात पुसलं गेलं. चुकून.

लता : नवी लवकर करते?

अनिरुद्ध : हो. जुनी फार हळू.

लता : आणि हे कुठलीत गेले?

अनिरुद्ध : जुनीत, आई.

लता : म्हणजे इथंही त्यांना जायला वेळच लागला.