कापसाचा पांढरा

पवनारहून वर्ध्याकडे निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारे चित्रकार आणि त्यांची बायको बसले होते.

"सुमती, मोतीबिंदूचं आपरेशन झालेल्या डोळ्यानं काल ते कापसाचं चित्र पाह्यलं. सारा कापूस पिवळा आहे व!"

"रंगातलं तेल जवसाचं आहे ना, त्यानं पडला असन पिवळा."

"तेलानं एवढा नाई पडत. मी पांढरा समजून पिवळाच रंग लावून राह्यलो होतो. परवा प्रदर्शनात लोक काय म्हणतीन?"

"हळू बोला जी."

"रंग तं तूच घोटून देते. दरवेळी तुले इचारलं, पांढरा आहे ना? तू हो म्हटलं."

"म्हटलं ना."

"मंग मले खोटं काऊन सांगतलं?"

"खोटं नाई जी. मले तं तो कापूस अजूनही पांढराच दिसते."