लिंबू-मिरचीखाली बांधलेला फ्यूज

मायबाईनो, भावांनो, अन् सारे ड्रायव्हर मंडळी,

मी गणपत, पिकअपवाला. गाडीवर भोंगा लावून गावोगाव बोंबलनं हाच माहा धंदा. माइक हातात आला की मी थांबत नाई, हे तुमाले माहीत हाये. पन आज शोकसभेत बोलाचं हाये. समोर मनोहरभाऊचा फोटो हाये, अन् त्या फोटोतबी खिशाले टेस्टर लावला हाये! पाहा ना. फोटो काढाले गेले तरी टेस्टर काढला नाई मानसानं.

सिंदेवाहीत गाडीची वायरिंग म्हटली की भाऊचं दुकान. आपली लोकं काय करते? दिसली बॅटरी, जोडली वायर. फ्यूज उडला, त शिगरेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली. झालं! मंग गाडीतून धूर निंगाला की म्हनते, कोनाची नजर लागली बापा.

मीबी भोंगा घेऊन गेलो तवा म्हटलं, "भाऊ, सीधा बॅटरीले जोडून द्या." भाऊ हासले. म्हने, "गणपत, घरच्या बैलाले दावं बांधतोस, अन् बॅटरी मोकाट सोडतोस?" त्यायनं बॅटरीच्या अगदी बाजूले फ्यूज बसवला. मी म्हटलं, इतका जवळ काऊन? म्हने, "बॅटरीपासून फ्यूजापर्यंतच्या वायरले कोनी राखनदार नसते. तेवढी लहान ठेवावी."

सुट्टे फ्यूजबी देत. आपन ते गाडीत फेकायचो, अन् तंबाखू-खर्र्याच्या पन्न्याईत हरवून जायचे. पन शनिवारची लिंबू-मिरची? ते कोनी विसरते का? भाऊ बौद्ध मानूस, नजर-बिजर मानत नोते. तरी एका शनिवारी मले म्हनाले, "तुह्या लिंबू-मिरचीले हात लावू का?" अन् पुडीत फ्यूज बांधून खाली लटकवला. "नजरेले तुहं लिंबू, करंटले माहा फ्यूज. दोघंबी ड्युटी करतीन." आज मोहर्लीच्या सफारी गाड्यायपासून धानवाल्यायच्या पिकअपपर्यंत साऱ्यायच्या लिंबाखाली ती पुडी लटकते. बाहेर जाऊन पाहजा.

त्या पुडीनं काय केलं, ते सांगाचं हाये मले.

यंदा मोहफुलाच्या दिवसात आमच्या गावच्या बाया टोपले घेऊन जंगलात गेल्त्या. माही बायकोबी होती. उजाडल्यावर खबर आली, नाल्यात वाघीन हाये, पिल्लं संग हायेत. मी गाडी काढली. जंगलाच्या कडेनं भोंग्यावर वरडून राह्यलो, "बायाहो, नाल्याकडं—"

अन् भोंगा बंद!

समजलं का? "येऊ नोका" राह्यलंच. बायाईले आयकू काय गेलं? "बायाहो, नाल्याकडं!" बस, इतकंच.

मी धावत जाऊन पुडी तोडली. फ्यूज एकच होता. घालनार, तेवढ्यात वाटलं, भाऊले विचारावं. फोन लावला. फोन उचलला सुजातानं, भाऊच्या पोरीनं. मी खेकसलो, "अवं, बाप कुठी हाये तुहा?" ते शांतपनं म्हने, "बाबा दवाखान्यात हायेत, काका. तो फ्यूज आत्ता घालू नोका, तोबी उडन. फ्यूज उडला म्हनजे वायर काही सांगून राह्यली. भोंग्याची वायर टपावरून उतरते तिथी पाहा."

पाह्यलं. तिथी वायर घासून उघडी पडली होती, पत्र्याले लागली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, ते गुंडाळली. मंग फ्यूज घातला.

"नाल्याकडं येऊ नोका! सडकेकडं या! सडकेकडं!"

आल्या. साऱ्या आल्या. माही बायको टोपलं आपटून म्हनते, "अर्धवट काऊन बोलता जी? आमी नाल्याकडंच निंगालो होतो!" ते तिकडं भांडून राह्यली, अन् मी रडून राह्यलो.

मंग मी दवाखान्यात गेलो. भाऊले सारं सांगतलं. त्यायनं वाघिनीचं काही विचारलं नाई. म्हने, "फ्यूज आधी घातला, का वायर आधी पाहली?" मी म्हटलं, "सुजातानं वायर आधी पाहाले लावली." भाऊ मान टेकवून हासले. म्हने, "मंग दुकान चालते."

मायबाईनो, हे त्यायचेच शब्द हायेत. म्हनून आज बोलाले उभा राह्यलो. काल याच अंगनात मी आयकलं, "पोरगी काय गाड्याईखाली झोपन? दुकान मोबाइलवाल्याले देऊन टाका." मले असा राग आला! पन भाऊ म्हनायचे, "गणपत, तुह्या डोक्यालेबी एक फ्यूज लावाव लागते." म्हनून काल भांडलो नाई. आज साऱ्यायसमोर विचारतो. जिनं फोनवर वायर पकडली, तिले समोरची गाडी जमनार नाई का?

सुजाता, माय, मान वर कर. समोरचे पिवळे लाइट लावाचे हायेत मले. उद्या सकाळी माही गाडी तुह्या दारात उभी राहन. शटर उघडजो.

आता एक काम करा. ज्यायच्या गाडीत भाऊच्या हातची वायर हाये, अन् ज्यायची गाडी आता या पोरीच्या हाती जानार हाये, त्यायनं उभं राहावं.

हां... उठा. तुमीबी उठा, काका. मोहर्लीवाले, उठा.

अबे, सारेच उठले.

मंग बसू नोका. असेच उभे राहा, दोन मिनिटं, मुक्यानं. भोंगेवाल्याचंबी तोंड बंद.

मनोहरभाऊ, पाहून घ्या. दुकान चालते. जय भीम.