जे उडेल ते पाडा

बस हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली. रानाच्या राखणदाराची, ग्विलिमची, बायको नेरिस मागच्या सीटवर बसली होती. पुढे बसलेल्या दोन हाकाऱ्यांना ती दिसली नव्हती.

"एमरिस, शिकारीच्या हंगामभर आपण झुडपांतून फेझंट पक्षी उठवतो आणि मारतात पाहुणे. काल शेवटच्या दिवशी बंदुका आपल्या हातात होत्या. तरी तुझं तोंड असं?"

"मालक काय म्हणाला, ऐकलंस ना आयफर?"

"नर असो, मादी असो, जे उडेल ते पाडा. मला वाटलं, थट्टा करतोय."

"तीस वर्षं हाका घालतोय मी. शेवटच्या दिवशी कुणी मादीवर बंदूक रोखली, तर ग्विलिम त्याला रानाबाहेर हाकलायचा."

"अरे, माद्या राखायच्या त्या पुढच्या वर्षीच्या पिलांसाठी!"

"मग पुढचं वर्ष आहे कुठे?"

"म्हणजे? शिकार बंद?"

"रान विकलंय. मालकाच्या कारकुनानंच सांगितलं. राखणदाराचं घरही त्यातच गेलं."

"देवा! आणि ग्विलिमला?"

"तो पाय मोडून पडलाय. तू सांगतोस?"

"मी नाही बाबा."

उतरायला म्हणून आयफर उठला, वळला आणि तिथेच थिजला.

"नेरिसवहिनी! तुम्ही... कसाय आमचा ग्विलिम?"

"बराय." तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "मार्चात अंड्यांसाठी माद्या धरायच्यात, तोवर उभा राहतो म्हणाला. पिंजरे धुऊन ठेवायला सांगितलेत मला."