वहिनीनं बोअरला पाजलेलं पाणी

आमच्या वडूजच्या वहिनीचं सांगतो गड्या. दर उन्हाळ्यात घरच्या बोअरचं पाणी आटायचं. म्हणून गेल्या पावसाळ्यात तिनं छपरावरचं पावसाचं पाणी पाइपानं खाली आणलं आणि वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरपाशी मुरवलं.

शेजारचे अण्णा हसले, "सूनबाई, बोअरमधनं पाणी काढायचं असतंय, घालायचं नसतंय!"

"आवं अण्णा, घातल्याबिगर निघंल कसं?"

यंदा मे महिन्यात गल्लीतल्या सगळ्यांच्या बोअरचं पाणी गेलं. वहिनीनं मोटर चालू केली. आधी नुसतीच हवा फुसफुसली. मग जे धो धो पाणी आलं, वहिनी लहान पोरीगत नाचली!

सगळ्यात आधी कळशी घेऊन अण्णाच आले. "सूनबाई, जिंकलीस. आमच्या घराला पाइप कवा बसवायचा?"

वहिनी म्हणाली, "शिडी आणा, आत्ताच!"