पहिल्या हाकेला ओ नाही

चहा घ्या, पण माझ्या त्या धोक्याच्या बटणाचं काय झालं ते विचारू नका. विचारलंतच, तर ऐका.

आगरदांड्याला काकाच्या होडीवर मी ते बसवलं होतं. बटण दाबलं की जेट्टीवरच्या खोक्यात भोंगा वाजायचा. पण इंजिनाच्या खरखरीमुळे खोक्याचं घड्याळ होडीवरच्या घड्याळाशी जुळेना. बटण न दाबताच खरखरीतून आलेली एखादी खोटी खूण नेमकी घड्याळाच्या ठोक्याच्या कडेवर आली की सर्किट हो आणि नाही यांच्यामध्ये लटकायचं, आणि भोंगा उगाच बोंबलायचा. दोनदा लोक होड्या घेऊन धावले, तर काका निवांत जाळं ओढतोय.

तो हसून म्हणाला, "गो पोरी, दर्यावर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाय. भूत एकदाच हाक मारतं. मानूस परत मारतो."

मला पटलं. घड्याळं जुळवणं कटकटीचं होतं, म्हणून मी सोपी वाट धरली. पहिली खूण सोडायची, लगेच दुसरी आली तरच वाजायचं, असं खोक्याला शिकवलं. भोंगा गप्प झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

गणपतीनंतर होडी उलटी सापडली. काका दोन दिवसांनी. मी खोक्यातली नोंद काढली. एकच खूण होती, अगदी स्वच्छ.

काकीपासून लपवणं जमेना. म्हटलं, "काकी, त्याने बटण दाबलं होतं. एकदाच. म्हणून वाजलं नाही."

तिने मला जवळ बसवलं. मग मलाच धीर देत म्हणाली, "एकदाच ना? मंग हाक मारायच्या आदीच गेला व्हता तो."